कॉइलपर्यंतची वाट

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या टेस्टिंग विभागात होते. ट्रान्सफॉर्मर तयार होऊन आला की ज्या चाचण्या अगदी आधी व्हायच्या त्यात वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजणं असायचंच. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला आले आणि नार्बरो रोडवरच्या एका वेपच्या दुकानात काउंटरवर काम धरलं. इथेही कॉइल, इथेही ओहम, आणि तेही एकाच्या बरेच खालचे. फरक एवढाच की तिथली कॉइल तेलाच्या टाकीत आणि कुंपणाच्या आत असायची. इथली करंगळीच्या नखाएवढी असते आणि माणूस ती तोंडापासून चार बोटांवर धरतो. म्हणून मला इथलं मोजमाप तिथल्यापेक्षा जास्त जोखमीचं वाटतं.

आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच वाचकांनी हे यंत्र उघडून पाहिलेलं नसेल. आत फार काही नसतं. एक लिथियम सेल, बहुतेक यंत्रांत त्यावर नियंत्रण ठेवणारी चिप, तारेची छोटी कॉइल, तिच्यातून ओवलेला कापूस, आणि कापूस भिजवणारं द्रव. बटण दाबलं की कॉइल तापते, द्रवाची वाफ होते. ब्रिटनमध्ये हे कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. अठरा वर्षांखालच्या कुणाला विकता येत नाही, द्रवात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. सरकारचा सूर असा की सिगारेट ओढणाऱ्याने सिगारेट टाकून हे घेतलं तर त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. २०२३मध्ये इंग्लंडात दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचा सुरुवातीचा संच देण्याची योजनाही जाहीर झाली. याचा अर्थ हे निरुपद्रवी आहे असा नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही अशा माणसाने आत येऊन ‘कोणतं घेऊ?’ विचारलं, तर मी त्याला ‘काहीच घेऊ नका’ म्हणते. आमच्या मालकांनाही ते मान्य आहे. त्यांचं कुटुंब १९७२मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी. दुकानदारी त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे, आणि गिऱ्हाईक परत यायचं असेल तर त्याच्याशी खरं बोलावं एवढं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता ओहमकडे येते. सेल थेट कॉइलला जोडलेला असेल, तर कॉइलचा रेझिस्टन्स कळला की सेलमधून किती करंट ओढला जाणार ते कळतं. भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२. त्याला रेझिस्टन्सने भागायचं. ०.४ ओहमला साडेदहा अँपिअर, ०.२ ओहमला २१. आम्ही विकतो त्यातले बरेच १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, सतत २० अँपिअरच्या आसपास द्यायला बनवलेले असतात. त्याच्या पलीकडे ओढत राहिलं की सेल आतून तापतो. ज्या यंत्रात चिप असते ते अशा वेळी स्वतःच नकार देतं. पण ज्याला इथे ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणतात, ती नुसती धातूची नळी असते. आत सेल, वर कॉइल, खाली बटण. मध्ये अडवणारं कुणी नाही. तिथे माणसाने आधी केलेलं मोजमाप हाच एकमेव फ्यूज.

असाच एक मेकॅनिकल मॉड घेऊन एक विशीतला मुलगा आला होता. कॉइल स्वतः वळलेली, घरच्या मल्टिमीटरवर मोजलेली. ‘०.४ आहे, म्हणजे ठीक ना?’ एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला मीटर दाखव म्हटलं. पिशवीतच होता तो. त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. मध्ये काहीच नसताना पडद्यावर ०.२ आलं. म्हणजे त्याच्या ०.४ पैकी अर्धा रेझिस्टन्स त्याच्या मीटरच्या तारांचा होता.

साध्या मल्टिमीटरची ही मर्यादा कारखान्यात पहिल्या आठवड्यातच दाखवली जाते. त्याची सगळ्यात खालची रेंज बहुधा २०० ओहमची, आणि तो दशांशाच्या एकाच घरापर्यंत दाखवतो. पुस्तिकेत अचूकतेपुढे काही टक्के आणि ‘अधिक काही अंक’ असं लिहिलेलं असतं. शंभर ओहम मोजताना ते शेवटचे दोन-तीन अंक कुणाच्या खिजगणतीत नसतात. ०.२ ओहम मोजताना मात्र तेच अंक म्हणजे सगळी कॉइल. शिवाय पिना किती दाबून धरल्या, त्यांच्या टोकांवर मळ किती, यावर आकडा दर वेळी हलतो. पिना टेकवून येणारा आकडा वजा करायचा, किंवा मीटरला शून्य करण्याचं बटण असेल तर ते वापरायचं, हे चांगलंच आहे आणि ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याने ते करावंच. पण एवढ्या लहान रेझिस्टन्सला ते पुरेसं नाही, कारण वजा केलेला आकडा आणि प्रत्यक्ष मोजतानाचा आकडा यांच्यातली पकड सारखी नसते.

याला उपाय १८६१पासून माहीत आहे आणि तो याच देशात निघाला. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले, त्यांनी लहान रेझिस्टन्स मोजण्यासाठी दुहेरी ब्रिज बनवला. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आम्ही त्याच्या पितळी स्क्रूंशी झटलेलो आहोत. आज ब्रिजची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली असली तरी मूळ युक्ती तीच आहे: दोन नाही, चार तारा. दोन तारांतून माहीत असलेला करंट कॉइलमधून सोडायचा. दुसऱ्या दोन तारा थेट कॉइलच्या दोन टोकांना लावून फक्त व्होल्टेज वाचायचं. व्होल्टमीटरच्या तारांतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्या तारांचा रेझिस्टन्स कितीही असो, आकड्यात शिरत नाही. आणि करंटच्या तारांत जे व्होल्टेज पडतं ते आपण वाचतच नाही. एका फटक्यात वाट बाजूला होते आणि फक्त कॉइल उरते.

दुकानाच्या मागच्या खोलीत मालकांचा एक छोटा डीसी सप्लाय मोबाइल दुरुस्तीच्या काळापासून पडून होता. तो मी पुसून घेतला, करंट १ अँपिअरवर बांधला. १ अँपिअर निवडण्यात सोय अशी की मिलिव्होल्ट हेच मिलिओहम होतात, भागाकार करावा लागत नाही. आणि एवढ्याने कॉइल तापतही नाही, ०.२ ओहमला पाव वॉटसुद्धा होत नाही. मुलाच्या कॉइलवर चारही तारा लावल्या. मीटरवर १७० मिलिव्होल्ट. म्हणजे ०.१७ ओहम. भरलेल्या सेलवर जवळजवळ २५ अँपिअर. लोड आला की सेलचं व्होल्टेज थोडं बसतं हे खरं, पण त्या बसण्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

मग त्याला मी वही दिली आणि म्हटलं, हा आकडा मोजायच्या आधीच तुला कळू शकला असता, तो कसा ते पाहू. त्याने निक्रोमची ०.५ मिलिमीटरची तार ३ मिलिमीटरच्या दांड्यावर वळली होती, पाच वेढे, आणि अशा दोन कॉइल समांतर. एका वेढ्याला साधारण ११ मिलिमीटर तार लागते. पाच वेढ्यांना ५५, दोन्ही पायांचे मिळून आणखी दहा. या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साडेपाच ओहमच्या आसपास. म्हणजे एका कॉइलला ०.३६, आणि दोन समांतर असल्याने निम्मा, ०.१८. तो वहीकडे पाहत राहिला. ०.१८ आणि ०.१७ शेजारी-शेजारी लिहिलेले दिसले की मोजमापावर विश्वास बसतो, आणि ०.४ का चुकीचा होता हेही कुणी वेगळं सांगावं लागत नाही. हिशेब आणि मीटर जुळले नाहीत तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि ते शोधल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मला वाटतं, ही सवय मीटरपेक्षा मोलाची आहे. कारखान्यातही डिझाइनच्या कागदावरचा आकडा आधी पाहिल्याशिवाय आमचे साहेब टेस्ट सुरू करू द्यायचे नाहीत.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कॉइल पुन्हा वळली. कँथलची ०.४ मिलिमीटरची तार, सहा वेढे. हिशेबाने एकीचे ०.८५, दोघींचे समांतर ०.४२ ओहम. तार वळून झाली की तिचे पाय अगदी मुळाशी कापावे लागतात, नाहीतर वरचं टोपण बसवताना पाय काठाला लागून शॉर्ट होतो. स्क्रू आवळून मोजलं, मग चिप असलेल्या यंत्रावर कमी वॉटवर क्षणभर लाल होईपर्यंत तापवलं, बंद करून चिनीमातीच्या टोकांच्या चिमट्याने वेढे दाबून एकसारखे केले, पुन्हा तापवलं. त्यानंतर स्क्रू परत आवळायचे आणि परत मोजायचं, कारण तार एकदा तापली की नरम पडते आणि स्क्रूखाली थोडी बसते. पहिल्यांदाचा आकडा आणि हा आकडा यात फरक असेल तर पकड ढिली होती असं समजायचं. आमचा शेवटचा आकडा ०.४३ आला. दहा अँपिअरच्याही आत.

दुकानात ओहम मोजायचं एक तयार यंत्रही आहे, वर आटे असलेलं. त्यावर टँक, म्हणजे द्रव आणि कॉइल असलेला वरचा भाग, बसवला की दशांशाची दोन घरं दाखवतं. ते मल्टिमीटरपेक्षा पुष्कळ बरं, पण ते खरं सांगतंय हे कोण सांगणार? कारखान्यात प्रत्येक मीटर ठरलेल्या मुदतीने एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत जाऊन दाखला घेऊन यायचा. इथे तशी कुणाला सवय नाही. म्हणून मी एका जुन्या टँकच्या बुडाला कॉइलऐवजी एक टक्का अचूकतेचा ०.२२ ओहमचा रेझिस्टर घट्ट बसवला आणि चार तारांनी मोजून त्याचा आकडा चिकटपट्टीवर लिहून ठेवला. सकाळी दुकान उघडलं की तो त्या यंत्रावर बसवायचा. ०.२२ किंवा ०.२३ आलं तर ठीक. ०.२६ आलं तर बहुतेक वेळा यंत्राच्या आट्यांत द्रव साचलेलं असतं.

आट्यांवर इथे थोडं थांबायला हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ तिथेच निघतं. टँक आणि यंत्र जोडणाऱ्या या जोडणीला सगळीकडे ‘५१०’ म्हणतात. मधली पिन धन, बाजूचे आटे ऋण. सगळा करंट या दोन जागांतून जातो. टँकमधून पाझरलेलं द्रव, वाफेचं पाणी, खिशातली धूळ यांचा चिकट थर तिथे बसतो. हा थर फारसा वीजवाहक नसतो, तो दोन धातूंना एकमेकांना नीट भिडू देत नाही. कधी टँक फार आवळल्याने मधली पिन आत ढकलली जाते आणि जेमतेम टेकते.

एक आजोबा आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. या शहरात पूर्वी मोजे-बनियनचे कारखाने खूप होते, त्यातल्या एकात त्यांचं आयुष्य गेलं, आणि सिगारेटही तिथेच लागली. वेपवर आल्यापासून सिगारेट सुटली होती. एकदा ते वैतागून आले. यंत्र कधी ०.१५ दाखवतं, कधी ०.२१, कधी टँकच नाही म्हणतं. वाफ पातळ येते म्हणून त्यांनी वॉट वाढवले, तर टँकचं बूड हाताला चटका देऊ लागलं. कॉइल दोनदा नवी घालून झाली होती. ‘आता समोरच्या दुकानातून पाकीट घेतो,’ ते म्हणाले, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं.

कॉइल ०.१५ची आणि पडद्यावर ०.२१, म्हणजे वरचे ०.०६ ओहम वाटेत कुठेतरी आहेत. ऐकायला ०.०६ काहीच नाही. पण एकाच करंटच्या वाटेवर जे रेझिस्टन्स असतात ते वॉटही आपापल्या प्रमाणात वाटून घेतात. यंत्र ६० वॉटवर लावलं असेल तर त्यातले सतरा वॉट त्या घाणेरड्या जोडणीत जात होते आणि कॉइलला त्रेचाळीसच मिळत होते. वाफ पातळ आणि बूड गरम, या दोन्ही तक्रारींचं कारण एकच. आजोबांना मी हे कागदावर काढून दाखवलं. मग टँक उतरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने आटे आणि पिन पुसली, टँकच्या बुडाचे आतले आटे, जिथे कॉइल बसते, तेही पुसले, सुकू दिले, पिन वर आहे ना ते पाहिलं, आणि टँक फक्त हाताने बसेल तेवढाच आवळला. ०.१५. काढून पुन्हा बसवला, ०.१५. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बसवला. आकडा पुन्हा पुन्हा तोच येणं, हेच जोडणी नीट असल्याचं लक्षण. एकदा बरोबर आलेल्या आकड्याला मी तेवढा मान देत नाही.

त्या काडीला काही पेन्सही लागले नसतील. पण त्या दिवशी ते पाकीट घेऊन घरी गेले असते तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. लोकांना वाटतं की माणूस परत सिगारेटकडे वळतो तो मनाच्या दुबळेपणाने. काही वेळा तो कळकट आट्यांनीही वळतो.

तापमानाची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात जवळची. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग मोजताना तेलाचं तापमान लिहिल्याशिवाय आकड्याला किंमत नसायची. मोजलेला आकडा ७५ अंशांवर आणायचा सूत्राने, त्यातला तांब्याचा २३५ झोपेतही आठवावा. वेपच्या तारांचा स्वभाव वेगवेगळा. कँथल तापली तरी फारशी हलत नाही. स्टेनलेस स्टील दर अंशाला ०.१ टक्क्याच्या जरा खाली. निकेल मात्र ०.६ टक्के, दोनशे अंश तापलं की रेझिस्टन्स दुपटीच्या वर. काही यंत्रं याच गुणाचा उपयोग करून तापमान ओळखतात: थंड कॉइलचा आकडा लक्षात ठेवायचा, तापताना तो किती वाढला ते पाहायचं, आणि ठरलेल्या वाढीला पोचला की करंट कमी करायचा. कापूस करपू नये म्हणून ही सोय, आणि ती उत्तम आहे. पण ती सगळी त्या थंड आकड्यावर उभी आहे.

टँक नुकताच ओढून झालाय, कॉइल अजून गरम आहे, आणि माणूस तो काढून परत बसवतो. यंत्र विचारतं, नवी कॉइल की जुनी? तो ‘नवी’ दाबतो. यंत्राने गरम कॉइलचा आकडा थंड म्हणून लिहून घेतला. आता २०० अंश म्हणजे त्याच्या मते तिथून पुढे आणखी तेवढी वाढ. कापूस करपतो, घशाला खवखव लागते, आणि दोष कॉइलच्या माथी. याच्या उलटही होतं. जानेवारीत बाहेर दोन-तीन अंश असताना लोक खिशातून नव्हे, पिशवीतून टँक काढून काउंटरवर ठेवतात. दुकानात वीस अंश. स्टीलच्या कॉइलचा ०.३ ओहम या फरकाने दीड टक्का कमी असतो. दोन घरांच्या पडद्यावर तो दिसतही नाही, पण आतल्या हिशेबात तो सतरा-अठरा अंशांची चूक करून ठेवतो. मी टँक ट्रेमध्ये ठेवते आणि वीस मिनिटांनी या म्हणते. काहींना घाई असते, कुरकुर करतात. नाशिकला ट्रान्सफॉर्मर रात्रभर तसाच ठेवून सकाळी मोजायचो, त्यापुढे वीस मिनिटं म्हणजे काय!

१ जून २०२५पासून इथे एकदा वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीवर बंदी आली. तोवर जी माणसं फक्त चव आणि रंग बघून घ्यायची, ती आता भरायचे पॉड घेऊन येतात आणि पहिल्यांदाच विचारतात, हे खोक्यावर ०.८ आणि १.२ काय लिहिलंय? या कॉइल बंद असतात, वळायच्या नसतात, आणि त्यांचं यंत्र कमी वॉटचं आणि स्वतःची काळजी घेणारं असतं. त्यांना मी अँपिअर सांगत बसत नाही. पॉडच्या बुडाला दोन छोटे चकाकणारे ठिपके असतात, ते आठवड्यातून एकदा कोरड्या कागदाने पुसा, यंत्राच्या आतल्या दोन पिना काडीने पुसा, एवढंच सांगते. तरीही पॉड ओळखत नाही म्हणून आला तर मागच्या खोलीत नेते. १ अँपिअर, चार तारा, दोन-दोन बारीक पिना एकेका ठिपक्यावर. ०.८च्या पॉडला ८०० मिलिव्होल्टच्या आसपास आलं तर पॉड ठीक, यंत्राच्या पिना पाहायच्या. सप्लाय अँपिअरच देईना तर कॉइल आत तुटलेली. पॉड बदलून देते आणि पावतीच्या मागे खोलीचं तापमान आणि आकडा लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी काउंटरवर मी नसले तरी जो असेल त्याला काय मोजलं होतं ते कळेल.